मी आहे तोवर मैदान आहे

डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात एखाद्या सकाळी मी माहेरच्या घरातला पडदा सरकवते आणि समोरचं सगळं गेलेलं असतं. मॉल नसतो, त्याच्या निळ्या काचा नसतात, पार्किंगच्या रांगेत डिपर मारणाऱ्या गाड्या नसतात. नुसतं पांढरं धुकं काचेला चिकटलेलं असतं. "आई, कोहरा देख!" माझी लेक ओरडते. धुकं हा शब्द तिला येतो, पण दिल्लीत वाढलेल्या पोरांच्या तोंडी कोहराच बसतो, माझ्याही बसला होता. तास-दीड तास गुडगाव असं पुसलेलं राहतं. त्या वेळात मी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी राहते. समोर मैदान आहे, त्यावर दंव पडलंय, आणि पांढऱ्या रेघेवर एक उंच, किंचित लंगडणारा माणूस हात वर करून पोरांना मागे बोलावतोय, असं समजायला तेव्हा काहीच अडत नाही. मग ऊन येतं आणि मॉलही येतो.

तो माणूस रुई. पोर्तुगालचा फुटबॉलपटू, बचावफळीत खेळणारा. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धातला एक हिवाळा त्यानं आमच्यात काढला. त्या हिवाळ्याला मी अजून नीट माफ करू शकलेले नाही.

तेव्हा आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, निवृत्तीला दोनेक वर्षं उरलेली. दिल्लीत सरकारी नोकराचं घर नोकरीबरोबर येतं आणि नोकरीबरोबर जातं. त्यामुळे बाबांच्या वयाचे सगळेच रविवारी डबे बांधून यमुनेपलीकडे नाहीतर हरियाणात घरं बघत हिंडायचे. सरसोंच्या पिवळ्या शेतात मधेच एक कमान उभी असायची, कमानीवर इंग्रजी नाव, आणि कमानीच्या आत काहीच नसायचं. एक माणूस नकाशा उलगडून रिकाम्या हवेत बोट दाखवायचा, "ये आपका ड्रॉइंग रूम, सर." आणि सगळे त्या हवेकडे बघून मान डोलवायचे. नवीन काळ आला होता. केबल होती, पेजर होते, कर्जावर गाड्या मिळत होत्या. आपणही त्यात कुठंतरी बसू, असं प्रत्येकाला वाटत होतं.

अशाच एका बिल्डरनं आपल्या गुडगावच्या वसाहतीत फुटबॉल अकादमी काढायचं ठरवलं आणि त्यासाठी थेट पोर्तुगालहून खेळाडू आणला. खेळाडूला पोर्तुगीजशिवाय काही येत नव्हतं. दुभाषी शोधायची धावपळ सुरू झाली. मराठी मंडळी जमायची त्या कोपर्निकस मार्गावरच्या सदनाच्या कँटीनमध्ये कुणीतरी हे बोललं आणि बाबा सहज म्हणाले, "आमच्या हिला येतं की."

आई मूळची मडगावची. गोवा मुक्त होईपर्यंत पोर्तुगीज शाळेत शिकलेली. लग्न होऊन दिल्लीला आली आणि ती भाषा पडून राहिली. पण अगदीच गेली नव्हती. स्वेटर विणताना आई टाके मोजायची ते पोर्तुगीजमध्ये, "उं, दोइश, त्रेश", ओठातल्या ओठात. तिचा तो एक कोपरा होता, आणि त्यात आम्हा कुणालाच वाव नव्हता.

"मी काय बोलणार? तीस-पस्तीस वर्षं झाली," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिनं ठेवणीतली निळी सिल्कची साडी इस्त्री केली आणि मला म्हणाली, "तू चल बरोबर. ऑफिसं फार मोठी असतात."

बिल्डरला सगळे भसीनसाहेब म्हणत. गोड माणूस. त्यानं आईला 'आंटीजी' म्हणत खुर्ची पुढे केली. खिडकीपाशी रुई उभा होता. पस्तिशीचा, कानाशी पिकलेला, हात कुठं ठेवावेत ते न कळणारा. आईनं घसा साफ केला आणि एक लांबलचक वाक्य म्हटलं. तो आधी तिच्याकडे बघत राहिला, मग खदखदून हसला. आईचा चेहरा पडला. त्यानं घाईनं काहीतरी सांगितलं, तेव्हा तीही हसायला लागली.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणतो, मी त्याच्या आजीच्या गावच्या पाद्र्यासारखी बोलते."

परतताना ती गाडीत म्हणाली, "रुई नाव बघ. मारुतीच्या माळेतली रुई. विसरायला नको म्हणून बरं आहे."

ते महिना-दोन महिने आईच्या चालण्यात फरक पडला. आठवड्यातून चार दिवस बिल्डरची पांढरी गाडी तिला न्यायला यायची. क्वार्टरच्या बायका गॅलरीतून बघायच्या. वसाहतीतल्या तीन इमारती उभ्या राहिल्या होत्या, बाकी सगळी शेतं. त्यांच्या मधोमध हिरवळीच्या पट्ट्या गालिच्यासारख्या अंथरून मैदान केलं होतं. कडेला अजून नीलगायी यायच्या. सकाळी दंवात पन्नासेक मुलं-मुली धावायची. रुई एका टोकाला, आणि त्याच्या शेजारी शाल, मोजे, वर कानटोपी अशी आई, त्याच्या मागोमाग हिंदीत ओरडणारी: "पीछे! पीछे आओ! बॉल को मत देखो, आदमी को देखो!" मी तिला एवढ्या मोठ्यानं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मुलं तिला 'आंटी कोच' म्हणायची.

रुई रविवारी आमच्याकडे जेवायला यायला लागला. आईला तो 'दोना सुलभा' म्हणायचा, म्हणजे सुलभाबाई. व्हरांड्यातल्या उन्हात चटईवर आम्ही मटार सोलत बसायचो, तोही बसायचा. उजवा पाय त्याला मुडपता यायचा नाही, सरळ लांबवून बसे. शेंगा सोलता सोलता तो आपल्या खेळाच्या गोष्टी सांगायचा आणि आई आम्हाला मराठीत देत जायची. वसाहतीच्या माहितीपत्रकासाठी त्याची कारकीर्द लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं होतं, म्हणून मी वही घेऊन बसायचे.

समुद्राकाठच्या एका गावात तो जन्मला. आई मासळी डब्यात भरायच्या कारखान्यात कामाला. लहानपणी तो पुढे खेळायचा, गोल मारायचा. पंधराव्या वर्षी प्रशिक्षकानं त्याला मागे नेऊन उभं केलं, कारण तो उंच होता आणि तक्रार करत नव्हता. "पुढच्याची चूक लोक जेवणापर्यंत विसरतात," तो म्हणाला, "मागच्याची त्याच्या लग्नातही सांगतात." गावच्या क्लबातून तो जिल्ह्याच्या क्लबात गेला, तिथून लिस्बनच्या एका मोठ्या क्लबात. करार करायला क्लबचे अध्यक्ष स्वतः त्याच्या घरी आले. आईनं भाजलेले मासे त्यांनी हातानं खाल्ले आणि म्हणाले, हा आता माझा मुलगा. पहिलं वर्ष बाकावर बसण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी खेळायला मिळालं. मग पावसातला एक सामना आला, शेवटची मिनिटं होती, चेंडू बाहेर काढायला त्यानं पाय घातला आणि चेंडू त्याच्याच जाळ्यात गेला.

"आठवडाभर मी पेपर उघडला नाही," तो म्हणाला. "मग एका सकाळी कॉफी प्यायला गेलो. दुकानदारानं पेपर माझ्याकडे फिरवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. क्लबनं मला एका बेटावरच्या क्लबाला देऊन टाकलं होतं. सगळ्या शहराला माहीत होतं."

तो तसाच अध्यक्षांकडे गेला. ते गाडीची किल्ली हातात घेऊन बाहेर पडतच होते. "बेत बदलत असतात, बाळा," एवढंच बोलले.

बेटावर गुडघा दुखावला. क्लबच्या डॉक्टरनं नुसती सूज आहे म्हणून सांगितलं, सुया टोचल्या आणि पूर्ण हंगाम खेळवलं. आत लिगामेंट तुटलं होतं. नंतर खालच्या खालच्या क्लबांतून घसरत तो शेवटी आपल्याच गावी आला. तिथल्या शेवटच्या हंगामात त्याची आई छत्री घेऊन गोलमागे उभी राहायची. कुणी शिवी दिली तर छत्रीचं टोक रोखून बघायची.

हे सगळं आईनं मराठीत सांगितलं. ती मटाराच्या टोपलीकडे बघत म्हणाली, "माणसं कशी करतात गं असं! घरी येऊन जेवून जातात आणि करतात." बाबा म्हणाले, "खेळातसुद्धा ऑफिससारखंच चालतं म्हणायचं." मी वहीत सगळं लिहिलं. छापून आलं तेव्हा त्यात ना बेट होतं, ना गुडघा. 'युरोपचा गाजलेला बचावपटू' एवढंच होतं, आणि मैदानाचं चित्र.

शेखकाका बाबांच्याच सेक्शनमधले, सोलापूरचे. त्यांच्या घरचा ईदचा शीरखुर्मा आणि आमच्याकडचा दिवाळीचा फराळ यांची देवाणघेवाण मला कळायला लागल्यापासूनची. काकांना दम्याचा त्रास. दिल्लीच्या थंडीत धूर खाली बसला की त्यांची छाती शिट्टीसारखी वाजायची. डॉक्टर म्हणाले होते, शहराबाहेर, मोकळ्या हवेत जा. काकू आईला म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या त्या ग्राउंडसमोर घर मिळेल का बघा ना. खिडकी उघडली की समोर काही नको. नुसती हवा पाहिजे."

जानेवारीतल्या एका रविवारी बिल्डरनं घरं बघायला आलेल्या लोकांसाठी मैदानावर चहा ठेवला. खुर्च्या मांडल्या होत्या, गाजराचा हलवा होता. रुई बोलायचा, आई हिंदीत सांगायची. शेवटी भसीनसाहेब म्हणाले, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. शेखकाकू उठल्या. पदर सावरून त्यांनी सरळ विचारलं, "ये ग्राउंड हमेशा रहेगा ना? बाद में यहाँ कुछ बनेगा तो नहीं?"

आईनं प्रश्न पोर्तुगीजमध्ये केला. रुईनं मैदानाच्या पलीकडच्या टोकाकडे बघितलं. मग तो हळू म्हणाला, आणि आईनं शब्दाला शब्द लावून सांगितलं, "ये कहते हैं, जब तक मैं हूँ, तब तक मैदान है." आणि लोकांचे चेहरे उजळलेले बघून, आपल्या मनानं, हसत तिनं पुढे जोडलं, "मतलब, हमेशा."

टाळ्या वाजल्या. काकूंनी त्याच आठवड्यात घर घेतलं. पाचवा मजला, मैदानासमोर. बाबा मात्र कागद पुन्हापुन्हा वाचणारे. "निवृत्ती झाल्यावर बघू," म्हणाले आणि थांबले. त्यांचा तो स्वभावच होता. पण पुढे त्याचाच अर्थ वेगळा लावला गेला.

फेब्रुवारीत धुकं विरळ झालं, उन्हाला थोडा रंग आला. रुईच्या व्हिसाच्या कागदांसाठी आई आणि मी ऑफिसात गेलो होतो. भसीनसाहेब यायचे होते. आतल्या खोलीच्या टेबलावर वसाहतीची नवी प्रतिकृती मांडली होती, थर्माकोलची झाडं, कागदी गाड्या. मी आमची ती तीन इमारतींची रांग शोधली. शेखकाकूंचा पाचवा मजला शोधला. त्याच्या समोर, जिथं हिरवं असायला हवं होतं तिथं, निळ्या कागदाची पाच मजली इमारत चिकटवलेली होती. बाजूला भिंतीवर नकाशा होता, त्याच्या कोपऱ्यात तारीख. ती रुई भारतात यायच्याही आधीची होती.

आईनं वाकून ती तारीख पुन्हा वाचली. भसीनसाहेब आत आले. तिनं बोट दाखवलं. ते जराही गडबडले नाहीत. "अरे आंटीजी, प्लॅन तो चेंज होता रहता है. मॉल आएगा तो सबका फायदा है. आप चाय लीजिए ना."

आईनं चहा घेतला नाही. आम्ही तडक रुईच्या गेस्ट हाउसवर गेलो. तो बाहेर उन्हात गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसला होता. आई उभीच राहिली. ती पोर्तुगीजमध्येच बोलत होती, मला नंतर सगळं तिनं सांगितलं, एकदाच.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

त्यानं काय ते विचारलंसुद्धा नाही. "डिसेंबरपासून. नकाशा मीही बघितला."

"म्हणजे त्या रविवारी तुला माहीत होतं."

"हो."

"मग तसं का बोललास?"

"मी खोटं बोललो नाही, दोना सुलभा. माझा करार मार्चपर्यंत आहे. मी आहे तोवर मैदान आहे."

आई म्हणाली, "माझ्या तोंडून बोललास ते."

मग त्यानं सांगितलं. भसीननं त्याला गुडघ्याचं ऑपरेशन दिल्लीतल्या मोठ्या हॉस्पिटलात करून द्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, हिवाळाभर गप्प राहायचं. "मला पुन्हा नीट चालायचं होतं," तो म्हणाला. "आणि तुम्ही इतक्या आनंदात होतात. मला तुम्हाला सांगवेना."

"तुला पेपर फिरवून दाखवणारा कॉफीवाला तरी भेटला," आई म्हणाली. "आमच्याकडे तूच होतास."

ती वळली आणि चालायला लागली. तो उठायला गेला, पण पाय मुडपेना म्हणून पुन्हा बसला.

मार्चच्या सुरुवातीला निरोपाचा कार्यक्रम झाला. मैदानावरच, दुपारी. मुलांना जर्सी वाटल्या. मला वाटलं होतं आई जाणार नाही. ती गेली, तीच निळी साडी नेसून. रुईनं चार वाक्यं म्हटली, तुम्ही माझं कुटुंब आहात वगैरे. आईनं माईक घेतला. "इन्होंने क्या कहा वो मैं आज नहीं बताऊँगी," ती म्हणाली. "जो मैंने उस दिन बताया था, वो गलत था. यहाँ मैदान नहीं रहेगा. मॉल बनेगा. इनको पता था. मुझे नहीं था, पर जबान मेरी थी." पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. मॅनेजरनं हसत हसत माईक काढून घेतला होता आणि भांगडा लागला होता. रुई खाली मान घालून उभा. त्याचं ऑपरेशन झालंच नाही. तो आला तसाच लंगडत गेला.

लोकांनी सभा घेतल्या, अर्ज केले. उन्हाळ्यात जेसीबी आलेच. हिरवळीच्या पट्ट्या गुंडाळून ट्रकमध्ये घालताना मी स्वतः बघितल्या. लोक बाबांबद्दल बोलायचे. "बापटांनी स्वतः नाही घेतलं बघा घर. आतून माहीत होतं त्यांना." आईच्या कानावर हे येत होतं. पण तिला तोडलं ते शेखकाकूंनी. त्या आमच्या क्वार्टरवर आल्या, दारातच उभ्या राहिल्या. आईनं पाणी पुढे केलं, ते घेतलं नाही.

"वहिनी, बिल्डर परका होता, तो गोराही परका होता. त्यांचं मला काही वाटत नाही," त्या म्हणाल्या. "मी तुमच्याकडे बघून घर घेतलं."

त्यानंतर आईनं स्वेटर विणणं सोडलं नाही. पण टाके मराठीत मोजायला लागली, आणि पंचवीस-तीसच्या पुढे चुकायची. उसवायची, परत सुरू करायची.

बाबा निवृत्त झाले तेव्हा घर कुठं घ्यायचं हा विषय निघाला. आई म्हणाली, "शेखांच्या मजल्यावर एक आहे रिकामं."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" बाबा जवळजवळ ओरडलेच. "समोर मॉल येतोय. धूळ, जनरेटर, चोवीस तास आवाज."

"त्यांना येतो तो आपल्यालाही येऊ दे."

बाबांनी महिनाभर वाद घातला आणि मग घर घेतलं. आम्ही राहायला आलो. दोन घरांच्या मधे सहा पावलांची लॉबी. हिवाळ्यात काकांच्या छातीची शिट्टी आम्हाला भिंतीतून ऐकू यायची. समोर खोदकामाची धूळ इतकी, की त्यांनी ती खिडकी कधी उघडलीच नाही, उलट फटींना टेप लावली. आई काही गोडधोड केलं की वाटी घेऊन जायची. काकू वाटी घ्यायच्या, दुसऱ्या दिवशी घासूनपुसून परत पाठवायच्या. रिकामी. आपल्याकडे रिकामी वाटी परत करत नाहीत, काकूही कधी करत नसत. आई ती ओट्यावर पालथी घालायची. अशी तीन वर्षं गेली.

मग एकदा दुपारी फोन वाजला. मी माहेरी आले होते. आईनं उचलला, "हॅलो" म्हणाली. पलीकडून कुणीतरी बोलत होतं, बोलतच होतं. आईचा हात टेलिफोनच्या वायरीत गुंतला होता. पाचेक मिनिटं तिनं ऐकलं. मग अगदी साध्या आवाजात हिंदीत म्हणाली, "आपने गलत नंबर लगाया है. यहाँ पोर्तुगीज किसी को नहीं आती." आणि ठेवून दिला.

"रुई होता?" मी विचारलं. त्याला भारतात आणणाऱ्या गोव्याच्या एजंटाकडून त्याला नंबर मिळाला होता, हे मागाहून कळलं.

"हं."

"काय म्हणत होता?"

"माफी मागत होता."

"मग बोलायचंस तरी."

आई माझ्याकडे बघायला लागली. "माफी त्यानं शेखवहिनींची मागायला हवी. आणि त्याची वाक्यं त्यांच्यापर्यंत मी एकदा पोचवली. आता नाही पोचवणार."

मला राहवलं नाही. ती आत गेल्यावर मी लॉबी ओलांडून काकूंची बेल वाजवली. काकांना नेब्युलायझर लावलेला होता, त्याची घरघर चालू होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फोन आला, तो काय म्हणाला, आई काय म्हणाली. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"त्याला सांगितलं, पोर्तुगीज येत नाही?"

"हो."

"तिला?" काकू म्हणाल्या. "पाच मिनिटं ऐकून?" त्यांच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. त्यांनी काकांचा मास्क नीट बसवला, उशी सारखी केली. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "आईला सांग, दुपारचं आमचं दार नुसतं लोटलेलं असतं. बेल वाजवली की हे दचकतात."

काकूंनी आईला माफ केलं असं मी म्हणणार नाही. पुढे काका गेले तेव्हाही तो विषय दोघींच्या मधे होताच, तो काढायचा नाही एवढं ठरलेलं होतं. पण मी घरी येऊन निरोप सांगितला. आईनं मान हलवली आणि भाजी चिरत राहिली. त्या दिवशी ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हात पुसत उठली, चपला न घालताच लॉबी ओलांडली, आणि बेल न वाजवता दार ढकललं.